पाच की आठ

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरातल्या पूर्वेकडच्या खोलीत, भिंतीवर दहा-बारा दिवस दोन कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दोन्हींचा रंग पांढरा. म्हणजे अगदी पांढराशुभ्र नव्हे, त्याच्या जरासा अलीकडचा. शेड कार्डावर त्यांना लांबलचक इंग्रजी नावं होती. ती आईला म्हणता येईनात आणि मला लक्षात राहीनात, म्हणून क्रमांकातल्या शेवटच्या आकड्यावरून आम्ही त्यांना ‘पाच’ आणि ‘आठ’ म्हणू लागलो. पाच किंचित निळसर करडा, आठ किंचित पिवळसर. शेजारीशेजारी धरल्या तर फरक आहे एवढं मला कळायचं. एकच पट्टी हातात दिली असती, तर ती कोणती हे सांगता आलं नसतं.

या दोघांमधून एक निवडण्यात नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. मी हैदराबादमधल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवतो. नीतीचे प्रश्न म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे युद्ध, दारिद्र्य, न्याय असे मोठे शब्द येतात. भिंतीचा रंग त्या यादीत कधी नव्हता.

खोली आईसाठी तयार होत होती. आदल्या हिवाळ्यात वडील गेले. अंबाजोगाईचं घर विकायचं हे मी आणि भावानं ठरवलं. आईनं माझ्याकडे राहायचं हेही आम्हीच ठरवलं. देव्हारा आणायचा, पण सागवानी कपाट नाही. तांब्याचा बंब नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो ठेवणार कुठे? प्रत्येक प्रश्नाला आईचं उत्तर एकच : “तुम्हाला पटेल तसं करा.” त्या उत्तरातली थकावट मला ऐकू येत होती. म्हणून एके दिवशी मी उदारपणे म्हणालो, “आई, खोलीचा रंग मात्र तूच ठरव.” आणि मी आणि बायकोनं साठ-सत्तर छटांमधून आधीच निवडून ठेवलेल्या दोन पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या.

मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम. आईनं पट्ट्या भिंतीवर लावायला सांगितल्या आणि त्यांच्याकडे सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, दिवे लावल्यावर पाहिलं. मग एकदा उजवा डोळा झाकून पाहिलं, एकदा डावा.

“दोन डोळ्यांनी दोन रंग दिसायलेत बघ,” ती म्हणाली. “या डोळ्याला पाच बरा वाटतो, त्या डोळ्याला आठ. कोणाचं ऐकू?”

तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं होतं, डाव्याचं दिवाळीनंतर व्हायचं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि प्रकाशातला निळा भाग अडवू लागतं. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की निळा परत येतो आणि पांढरं अचानक थंड दिसू लागतं. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं असंच ऑपरेशन १९२३ साली झालं, आणि रंग बदलले म्हणून तेही बेचैन झाले होते. आईजवळ त्या महिन्यांत एक जुना डोळा होता आणि एक नवा. दोघांचंही म्हणणं तिला खरं वाटत होतं.

माझा धीर सुटत चालला होता. रंगारी रोज फोन करत होता. पुट्टी झाली होती, प्रायमर झाला होता, सामान बाहेरच्या खोलीत पडलं होतं. एका संध्याकाळी मी तिला म्हणालो, “आई, दोन्ही सारखेच आहेत गं. कोणताही घे.”

वर्गात मी हेच जरा सजवून सांगत असतो. अल-गझाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवले. दोन्ही उचलता येत नाहीत. एक घ्यायचा तर का घ्यायचा, याला कारण नाही. तरी माणूस उपाशी राहत नाही, एक उचलतो. सारख्यांमध्ये भेद करणं हेच इच्छेचं काम, असं गझालींचं म्हणणं. आपल्याकडे नव्यन्यायाने या अवस्थेला नावच दिलं आहे : विनिगमनाविरह. दोन पर्यायांपैकी एकाकडे झुकवणारं कारण म्हणजे विनिगमना; ते नसणं म्हणजे तिचा विरह. हा शब्द मुलांना फार आवडतो, कारण ‘विरह’ त्यांना सिनेमातला माहीत असतो.

मीमांसकांकडे याच प्रसंगाची आणखी एक हकीकत आहे. यज्ञात तांदूळ वापरावा असं एक वाक्य आणि जव वापरावा असं दुसरं. दोन्हींचा अधिकार सारखा. मग विकल्प, कोणतंही एक घ्या. पण मीमांसक हे खुशीने म्हणत नाहीत. विकल्पाला ते आठ दोष चिकटवतात आणि दुसरी वाट असेल तोवर विकल्प मानू नये असं बजावतात. दोषांच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. तांदूळ घेतला की त्या दिवसापुरतं जवाचं वाक्य जणू खोटंच, असं वागावं लागतं. आणि ते खोटं तर नसतं. सारख्यांमधली निवडसुद्धा फुकट होत नाही, कोणाचा तरी शब्द बाजूला पडतो. हे मी कितीतरी वर्षं शिकवत आलो. ते धान्याबद्दल आहे अशी माझी समजूत होती.

“सारखे कुठे?” आई म्हणाली. “पन्नास दिवाळ्या चुना लावलाय मी.”

मग तिनं मला जे सांगितलं ते मी लहानपणी पाहिलेलं होतं, पण ऐकलेलं नव्हतं. कळीचा चुना आदल्या दिवशी पिंपात भिजत घालायचा. तो खदखदून उकळतो, तेव्हा पोरांना दूर ठेवायचं. गाळून घेतल्यावर त्यात अंगाला लागू नये म्हणून डिंक आणि पांढरा उठून दिसावा म्हणून चिमूटभर नीळ. सगळी मेख त्या निळीत. “जास्त पडली की भिंत आजारी दिसती, कमी पडली की मळकी. आणि ओल्या चुन्याकडे बघून काहीच कळत नाही. वाळल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.” घरात आलेल्या बायका भिंतीकडे पाहून तिला नीळ किती घातली विचारायच्या. पाच आणि आठ यांच्यातलं जे अंतर माझ्या हिशोबी शून्य होतं, त्यात ती उभं आयुष्य वावरली होती.

आमच्या भागात गावाच्या शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात आणि जिथं घरं वसली ती ‘पांढरी’. पांढऱ्या मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीची माळवदं, वरून चुना. घर सोडून आलेल्या बाईला मी पांढऱ्याची एक छटा निवडायला सांगितली होती आणि ती एवढा वेळ का लावते म्हणून चिडत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं निर्णय दिला. आठ. कारणही दिलं : “पाच दिवसा चांगला आहे. पण संध्याकाळी मला एकटीला बसायचंय तिथं.” मग आठची पट्टी तिनं भिंतीवरून काढली आणि खूण म्हणून पोथीत ठेवून दिली.

पुढची चूक तिथूनच झाली. दोन दिवसांनी रंगाऱ्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघायच्या घाईत होतो. भिंतीवर एक पट्टी होती. तिच्यावरचा क्रमांक मी वाचून सांगितला. ती अर्थातच पाचची होती.

संध्याकाळी परत आलो तर तीन भिंतींना पहिला हात देऊन झाला होता. आई चार दिवसांसाठी भावाकडे गेली होती. डब्याच्या झाकणावरचा आकडा पाहून माझ्या पोटात धस्स झालं. हल्ली दुकानात अशा फिकट छटांचा पाया एकच असतो : टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग. त्यात यंत्र पिवळ्याचे, काळ्याचे, तांबड्याचे थेंब सोडतं. थेंब एकदा पडले की डबा परत घेत नाहीत. दहा लिटरचा, साडेचार हजारांचा डबा. वर दोन दिवसांची मजुरी. रंगाऱ्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं आणि दखनी उर्दूत म्हणाला, “दोनों एकीच है साब. किसको मालूम पड़ता?”

मी म्हणालो, राहू दे.

आई परत आली. खोलीत उभी राहून तिनं चारही भिंतींवर हात फिरवला. “हाच का तो आठ?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “हो, तोच.”

‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे, हा अर्थ आपल्या भाषेत कसा आला कोण जाणे. त्या क्षणी तो वाक्प्रचार मला आठवला आणि थोडं हसूही आलं. मला अपराधी वाटलं नाही. का वाटलं नाही, हे मी नंतर नीट मांडून पाहिलं, कारण युक्तिवाद मांडणं हा माझा धंदा आहे. युक्तिवाद असा होता. खोट्याने नुकसान होतं, म्हणून खोटं वाईट. इथे नुकसान काय? आईला भिंत हवी होती, मिळाली. दोन रंगांमधला फरक दिसण्याच्या सीमेवरचा. जो फरक अनुभवात येत नाही, त्याबद्दलचं खोटं अनुभवात कुठून येणार? उलट खरं सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, पैसे गेल्याची रुखरुख लागली असती. म्हणजे खोटं बोलणं हीच मायेची गोष्ट. युक्तिवाद मला चांगला घट्ट वाटला होता.

त्यातला एक कच्चा टाका तेव्हाच दिसायला हवा होता. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. दहा ग्रॅमचं आणि अकरा ग्रॅमचं वजन हातात घेतलं तर फरक कळत नाही. अकराचं आणि बाराचं घेतलं तरी कळत नाही. पण दहाचं आणि बाराचं घेतलं की लगेच कळतं. म्हणजे ‘कळत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. फक्त आपला हात तिथवर पोचत नाही. आणि मी तर हातही स्वतःचाच धरला होता. फरक कळत नाही, हे कोणाला? मला आणि रंगाऱ्याला. ज्या बाईनं पन्नास दिवाळ्या चिमूटभर निळीचा हिशोब ठेवला, तिला विचारलंच नव्हतं.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये आईला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काही त्रास? आई म्हणाली, “डॉक्टर, या नव्या डोळ्याला आता रंग बरोबर दिसंना.”

डॉक्टरांनी विचारलं, कसे? आईनं सांगितलं. तिच्याजवळ भिंतीच्या रंगाची पट्टी आहे. ती भिंतीला लावून पाहिली, तर जुन्या डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. नव्या डोळ्याला पट्टी वेगळी आणि भिंत वेगळी दिसते, भिंत जरा निळी. “रंग तर एकच आहे,” ती म्हणाली. “मुलानं सांगितलंय मला. म्हणजे डोळ्यातच काहीतरी बिघडलं असणार.” महिनाभर ती रोज सकाळी उठून ही परीक्षा घेत होती. कोणाला बोलली नव्हती, कारण ऑपरेशनला खर्च झाला होता आणि ते फसलं असं ऐकून मला वाईट वाटेल, असं तिला वाटत होतं.

डॉक्टरांनी डोळा तपासला, सगळं उत्तम आहे म्हणाले. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, काळजी करू नका. आईनं मान डोलावली. मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो आणि तिथंही गप्प राहिलो.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं मानतात. त्यांतलं पहिलं प्रत्यक्ष, म्हणजे आपल्या इंद्रियांनी जाणलेलं. शेवटचं शब्द, म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगतो. मराठीत हाच शब्द नात्यातल्या माणसांसाठी आला आहे. आप्तेष्ट, आप्तस्वकीय असं आपण लग्नपत्रिकेत छापतो. जो खरं सांगतो तो आप्त, आणि जो आपला तोही आप्त. भाषेनं दोघांना एका शब्दात बसवलं आहे आणि आपल्याला त्याची आठवणही राहत नाही.

आईपुढे तीन साक्षीदार होते. नवा डोळा म्हणत होता, रंग वेगळा आहे. जुना डोळा म्हणत होता, एकच आहे. मुलगा म्हणत होता, एकच आहे. दोन साक्षी एका बाजूला पडल्या. खरं सांगत होता तो एकटा नवा डोळा, आणि माझ्या शब्दाखातर तिनं त्याला खोटं ठरवलं. माझ्या युक्तिवादात नुकसानीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं, कारण नुकसान मी भिंतीवर शोधत होतो. ते झालं होतं आईच्या स्वतःच्या डोळ्यांवरच्या विश्वासाचं, आणि तेही अशा काळात, जेव्हा तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरलं होतं.

सांगायला मला आणखी तीन दिवस लागले. रात्री जेवणं झाल्यावर तिच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं : फोन, डबा, पैसे, ‘तोच’ म्हणालो ते.

ती पहिलं वाक्य बोलली ते असं : “म्हणजे डोळा बरा आहे.”

मग उठली, पोथीतून पट्टी काढली, दिव्याखाली भिंतीला लावली, डावा डोळा झाकला आणि मला जवळ बोलावलं. “बघ. वेगळा आहे का नाही?” मला फरक अगदी अंधुक दिसला. पण मी हो म्हणालो, आणि ते खरं होतं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा आनंद होता. राग त्यानंतर आला, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी.

“मला सांगितलं असतंस, तर राहू दे पाचच, असं मीच म्हणले असते,” ती म्हणाली. “साडेचार हजार म्हणजे काय असतात, हे मला कळत नाही का?”

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. आजही नाही. भिंत तशीच राहिली असती, पैसेही वाचले असते. फरक एवढाच पडला असता की ‘राहू दे’ हे दोन शब्द मी रंगाऱ्याला म्हणालो, ते तिनं मला म्हटले असते. घर विकताना, कपाट सोडताना तिनं असंच प्रत्येक गोष्टीला राहू दे म्हटलं होतं. पण तेव्हा निदान तिला विचारलं गेलं होतं, नावापुरतं का होईना. इथे तर ती उदार होईल ही संधीसुद्धा मी परस्पर वापरून टाकली.

पाच बरोबर की आठ, याला उत्तर नाही यावर मी अजून ठाम आहे. त्या बाबतीत गझालींचा खजूर खरा आहे : एक उचला आणि खा. पण दोन गोष्टी जवळजवळ सारख्या असल्या, की आपल्याला वाटतं, त्यांच्याबद्दल काय सांगितलं हेही सारखंच. हे खरं नाही. रंगांमधलं अंतर कमी झालं म्हणून खऱ्या-खोट्यामधलं अंतर कमी होत नाही. लहान गोष्टींत खोटं बोलणं सोपं जातं, कारण पकडले जाण्याची भीती नसते. आणि पकडले गेलो नाही, तर समोरचा माणूस दोष स्वतःकडे घेतो. म्हातारी माणसं तर हमखास घेतात. आम्ही त्यांना सारखं सांगत असतो, तुला नीट ऐकू आलं नाही, तू विसरलीस, तुला दिसलं नसेल. त्यातलं किती खरं असतं आणि किती आमच्या सोयीचं, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

दिवाळीनंतर आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता दोन्ही डोळे एकच सांगतात. महिन्याभराने तिनं रंगाऱ्याला स्वतः बोलावलं आणि खिडकीसमोरची, ती संध्याकाळी जिच्याकडे तोंड करून बसते ती एक भिंत आठ क्रमांकाने रंगवून घेतली. एक लिटरच्या दोन डब्यांत काम झालं. क्रमांक तिनं पट्टीवरून स्वतः वाचून सांगितला आणि झाकणावरचा आकडा उघडण्याआधी पाहून घेतला. दोन रंग कोपऱ्यात एकमेकांना भेटतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही कळत नाही, कारण कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो आणि एकाच रंगाच्या भिंतीही तिथं दोन रंगांच्या दिसतात.

आमच्यात आता काही वाकडं नाही. मात्र मी सांगितलेली गोष्ट आई एकदा तपासून पाहते. पूर्वी पाहत नसे. परवा रात्री तिनं विचारलं, रक्तदाबाची गोळी कोणती? मी म्हणालो, पिवळी. तिनं ती दिव्याखाली नेली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि मग पाणी मागितलं.